शिळं पाणी

घर बघायला गेले तेव्हा एजंट मला डोंगर दाखवत होता. गॅलरीतून हे दिसतं, गच्चीवरून ते दिसतं, पावसाळ्यात तर बघायलाच नको. मी म्हटलं, डोंगर राहू द्या, तो पोहण्याचा तलाव दाखवा. तो जरा हिरमुसला. तलाव मागच्या अंगणात होता. पाणी हिरवंगार, वर आंब्याची पानं कुजलेली, आणि काठावर एक बेडूक असा ऐसपैस बसलेला, की सातबारा त्याच्याच नावावर असावा. मी वाकून एवढंच पाहिलं, की उतरायला शिडी आहे की पायऱ्या. पायऱ्या होत्या, चांगल्या रुंद, आणि एका अंगाला लोखंडी कठडाही होता. तिथेच माझं ठरलं.

लोणावळ्याच्या अलीकडे, मळवलीच्या बाजूला हे जुनं घर आम्ही घेतलं ते केवळ त्या पायऱ्यांसाठी. ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. बोलणं थोडं परत आलं, पण तेही लहर लागेल तसं, एखाद-दुसरा शब्द. हात-पाय मात्र अडूनच बसले. खुर्चीतून उठायचं असो की न्हाणीघरात जायचं असो, त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या खांद्यावर आणि वर त्यांचं सगळं वजन. दिवसभर माझ्या तोंडी एकच शब्द: धरा. नीट धरा. अहो, धरा म्हणते ना! उंचापुरा माणूस, आणि मी त्यांच्या छातीलाही न लागणारी. संध्याकाळी खांदा असा ठणकायचा, की वेणी घालायला हात वर जायचा नाही. मग मी केसच कापून टाकले.

पुण्यात असताना फिजिओथेरपीच्या बाईंनी एकदा ह्यांना दवाखान्यातल्या लहानशा तलावात उतरवलं होतं. छातीभर पाण्यात हे उभे राहिले. कुणाला न धरता. मी काठावर होते आणि माझा खांदा मोकळा होता. खरं सांगते, मला त्यांच्या पायांच्या आधी माझ्या खांद्याचा आनंद झाला. बाई म्हणाल्या, ह्यांना रोज पाणी मिळालं तर पाय शिकेल, आणि मधे खंड पडला तर शिकलेलंही विसरेल. दवाखान्यात नंबर कधीतरी लागायचा. मग मी तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट विकला. मुलीने फोनवर विचारलं, आई, तुला वेड लागलंय का? लागलंही असेल.

पोहण्याचा तलाव म्हणजे पाणी भरून ठेवायचं एक मोठं भांडं, अशी माझी समजूत होती. तळेगावचा एक कंत्राटदार आला. त्याने फिल्टरमधली वाळू बदलली, पंप सुरू केला आणि सगळी शिकवणी एका सकाळीत उरकली. ही दांडी इकडे फिरवली की पाणी वाळूतून गाळून येतं. तिकडे फिरवली की वाळूतली घाण उलटी धुऊन बाहेर जाते, त्याला बॅकवॉश म्हणायचं. पंप चालू असताना दांडी फिरवायची नाही. क्लोरीन ऊन उतरल्यावर टाकायचं. बाटलीत पाणी घेऊन दोन औषधांचे थेंब टाकायचे, एक रंग पिवळा यायला हवा, दुसरा गुलाबी. फिका आला तर एक कमी आहे, गडद आला तर दुसरं जास्त. "सोपं आहे, मॅडम," असं म्हणून तो गाडीत बसला. सोपं असणाऱ्या गोष्टी लोक एवढ्या घाईत का सांगतात, मला कळत नाही.

हिवाळा त्या दांडीशी भांडण्यात गेला. कधी पाणी दुधासारखं पांढुरकं व्हायचं, कधी रात्रीतून हिरवी झाक यायची. मोटारीच्या खोलीत मी वाकून शिरायचे आणि कंबर धरूनच बाहेर यायचे. घरकामाला बेडश्याची मावशी यायची, माझ्याच वयाची. तिला हा सगळा उद्योगच नामंजूर होता. "वापरायचं न्हाई, प्यायचं न्हाई, जनावराला बी पाजायचं न्हाई. मग एवढं पानी कशापायी?" पण लांब दांड्याची जाळी घेऊन पानं मात्र माझ्यापेक्षा तीच छान काढायची. एकदा पाण्यातली पानं अडवणाऱ्या टोपलीत चांगला तळहाताएवढा खेकडा सापडला. मी म्हटलं, मावशी, घेऊन जा, कालवण कर. ती म्हणाली, "औषधाच्या पान्यातला खेकडा कोन खातंय! ठिवा तुमचा तुमालाच."

उन्हाळ्यात मात्र माझी मेहनत फळाला आली. पाणी इतकं नितळ झालं, की तळाच्या फरश्यांच्या फटीसुद्धा दिसायच्या. हे कठडा धरून पायऱ्या उतरायचे, शेवटच्या पायरीवर एक क्षण थांबायचे आणि मग कठडा सोडायचे. उथळ बाजूला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचे. मी काठाकाठाने त्यांच्या बरोबरीने चालायचे, पण मी स्वतः कधी पाण्यात पाय घातला नाही. पोहता येत नाही आणि पाण्याची भीतीही वाटते. शिवाय त्या पाण्याची एवढी चाकरी करून वर त्यात डुंबायचं, हे मला झेपलंच नसतं. शनिवार-रविवारी शेजारच्या भाड्याच्या बंगल्यांत पुण्या-मुंबईची पोरं यायची, भिंती हादरतील अशी गाणी लावायची आणि तलावात धबाधब उड्या मारायची. आमच्याकडे नुसता पाण्याचा चुळुक-चुळुक आवाज. पुढे पुढे उजवा पाय फरफटायचा थांबला, नीट उचलून पडायला लागला. बाहेर आले की मात्र पुन्हा सगळं वजन माझ्यावर. तरी मला वाटायचं, एक दिवस हा पाय पाण्याबाहेरही शिकेल.

मग पावसाळा आला, आणि इथला पावसाळा काय असतो ते पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. आज टाकलेलं क्लोरीन उद्या ओसंडून भाताच्या खाचरात. लाइट गेली की पंप बंद. ब्रश मारून वळते तोवर मागे शेवाळ धरलेलं. मी पावसात रेनकोट घालून जाळी मारत होते आणि स्वतःलाच विचारत होते, की बाई गं, तुला हे कोणी सांगितलं होतं? श्रावण लागला तेव्हा पाणी पुरतं गढूळ झालेलं होतं. हे ओटीवर खुर्चीत बसून ते बघत होते. बरेच दिवस एक शब्द बोलले नव्हते. मी चहा घेऊन गेले तर पाण्याकडे बोट करून अगदी स्पष्ट म्हणाले, "शिळं."

मला इतका आनंद झाला, की मी चहा तसाच ठेवून आत जाऊन रडले. शब्द आला, आणि तोही आमच्या घरातला, रोजचा. सासूबाईंचं राज्य होतं तेव्हा पहाटे नळ आला, की आदल्या दिवशीचं पाणी ओतून द्यायचं, पिंप घासायचं आणि ताजं भरायचं. काल भरलेलं पाणी म्हणजे शिळं, मग ते कितीही स्वच्छ असो. टंचाईतही आम्ही ते निदान झाडांना घालत होतो, पण प्यायलो नाही. मावशीला विचारलं तर तिनेही मान डोलावली. "आमी बी हंडा पालथा घातल्याबिगर नवं पानी भरत न्हाई. काढा ते, लय वंगाळ झालंय." मी कंत्राटदाराला फोन केला. तोही म्हणाला, "जुनं वाटत असेल तर काढून टाका, मॅडम." आणि भरायची तरी कुठे काळजी होती? आभाळ होतं की भरायला.

मोटार लावून पाणी उपसलं. मी आणि मावशी आत उतरून तळ घासला. हे वरून डाव्या हाताने दाखवत होते, तो कोपरा राहिला, ती भिंत राहिली. कितीतरी दिवसांनी ते घरचे मालक दिसत होते. संध्याकाळी रिकामा तलाव घासलेल्या पिंपासारखा लख्ख दिसत होता. माझ्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, पण मन हलकं होतं.

दुसऱ्या दिवशी पावसाचा जोर होता, आत कोणी डोकावलंच नाही. त्याच्या पुढच्या सकाळी मावशीची हाक आली. "बाई, हितं या. तळ वर आलाय."

तळ खरंच वर आला होता. मधोमध फरश्या पुरीसारख्या फुगल्या होत्या, एक भेग आडवी गेली होती आणि भेगेतून स्वच्छ पाणी बुडबुडत वर येत होतं. कंत्राटदार भर पावसात आला आणि काठावरूनच ओरडला, "रिकामा कोणी करायला सांगितला?" मी म्हटलं, तुम्हीच. तो म्हणाला, छे, मी असं सांगणारच नाही. मग समजावून सांगायला लागला. इथे पावसाळ्यात जमिनीच्या पोटात पाणी चढतं आणि ते तलावाला खालून वर ढकलतं. आत भरलेलं पाणीच तळाला दाबून धरतं. ते काढलं की झालं. आता दिवाळीनंतर जमीन सुकेल, तेव्हा तळ फोडून नवा करायचा. तोवर पाणी येईल तसं येऊ द्या, काढू नका. जाताना सैल फरश्या मात्र त्याने काढून दिल्या.

दिवाळीनंतर! मी आत आले आणि ह्यांच्यावर बरसले. "एवढ्या दिवसांत एक शब्द बोललात, आणि तो हा!" बोलायला नको होतं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवसापासून चमचा मागायलाही शब्द नाही. पाय पुन्हा फरफटायला लागला. खोलीतल्या खोलीत चालवायला गेले तर दारापाशीच बसकण मारायचे. माझा खांदा पुन्हा पहिल्यासारखा ठणकायला लागला. चीड होती ती आटली आणि मागे नुसता थकवा उरला. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा, की आज नको.

तलाव मात्र आपल्या आपण भरत होता, थोडा वरून, थोडा खालून. पावसाचा जोर ओसरला तशी मी पुन्हा जाळी हातात घेतली. का घेतली ते सांगता येणार नाही. सवयच लागली होती. कंत्राटदाराने फोनवर सांगितलं तसं तळातून पाणी ओढणारं तोंड बंद ठेवून नुसत्या काठच्या तोंडातून पंप चालवला, थेंब टाकून रंग बघितले. नवरात्राच्या सुमाराला पाणी निवळलं आणि खालचा उंचवटा दिसायला लागला. अलीकडे, पायऱ्यांच्या बाजूला, तळ अजून सपाट होता. ओटीवरून हे तिकडेच बघत होते. डावा हात कठड्याच्या दिशेने उचलत होते.

दोरी बांधावी असं मला सुचलं. सपाट तळ संपतो तिथे या काठापासून त्या काठापर्यंत दोरी, म्हणजे हे तिच्यापलीकडे जाणार नाहीत. पण सपाट तळ नेमका कुठे संपतो ते वरून कळेना. पाण्यात सगळं हलतं, वाकडं दिसतं. कुणीतरी पायाने चाचपून बघायला हवं होतं. मावशी म्हणाली, "मी न्हाई बाई, मला बुडायचं न्हाई." मग मीच जुना पंजाबी ड्रेस घालून उतरले. पाणी गार होतं. पोटापर्यंत आलं तसा माझा जीव घाबरला. मागे हे आले होते. मावशीने त्यांना पायऱ्यांपर्यंत आणलं होतं आणि कठडा धरून ते शेवटच्या पायरीवर उभे होते.

मी एक हात काठावर ठेवून पुढे सरकत होते. पाय टेक, बघ, पुढे. पाय टेक, बघ. तेवढ्यात अंगठा फुगलेल्या फरशीला लागला, मी दचकून मागे झाले, काठ सुटला आणि पाय घसरला. नाकातोंडात पाणी गेलं. ओरडायलाही जमलं नाही.

मग दंडाला एक पंजा बसला. डावा, घट्ट. मी वर आले तर समोर हे, पाण्यात, पायरीपासून बरेच पुढे. कठडा मागे राहिला होता. हे कधी सुटले, कसे आले, ते मी पाहिलं नाही. त्यांचा उजवा पाय तळावर नीट टेकलेला स्वच्छ दिसत होता.

"धर," ते म्हणाले.

मी धरलं. दोन्ही हातांनी त्यांचा खांदा धरला आणि माझं जेवढं होतं तेवढं सगळं वजन टाकलं. ते हलले नाहीत. मी डोकंही टेकवलं.

काठावरून मावशी ओरडत होती, "बाई, पाय टेकतोय नव्हं? पाय टेकतोय का?"

टेकत होता. पण मी खांदा सोडला नाही.