गांधीलमाशी आणि रजेवरचा हुकूम

मी मेडिकल ऑफिसरशी खोटं बोललो. वार्षिक मेडिकल होतं. कॅप्टनसाहेबांनी फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं, "एनी अ‍ॅलर्जी?" मी सावधान उभा राहून म्हणालो, "नो, सर." आवाज इतका खणखणीत, की बाहेर लाईनीत उभे असलेले जवानही ताठ झाले असतील.

खरी गोष्ट अशी होती. दोन महिन्यांपूर्वी मी रजेवर भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीला घरी आलो होतो. कानाच्या पाळीला एक गांधीलमाशी चावली. पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दोनदा उलटी झाली. तासाभराने आपोआप उतरलं. बायकोला, सुनंदाला, सांगितलं, हे कुठे बोलायचं नाही. सैन्यात तब्येतीलाही ग्रेड असते. शेप-वन म्हणजे कुठेही पाठवता येईल असा माणूस. मी तेव्हा हवालदार होतो आणि नायब सुभेदारच्या प्रमोशनची वाट बघत होतो. एका माशीपायी खांद्यावरचा स्टार सोडायचा माझा विचार नव्हता. समोर दुश्मन असता तर रिपोर्ट दिला असता. माशीचा रिपोर्ट काय द्यायचा?

पोस्टिंग डोंगराळ भागात होतं. कंपनीत आमच्याबरोबर नायक दत्ता होता. माण तालुक्यातला, बुटका, कमी बोलणारा. ट्रेड नर्सिंग असिस्टंट. जवान त्याला डॉक्टरसाहेब म्हणायचे, तो हसायचा नाही. हवालदाराला म्हणतात तसं मला तो उस्ताद म्हणायचा. सकाळी सहाला पीटी, आठला सिक रिपोर्ट, संध्याकाळी पायांची तपासणी. गस्त निघायच्या आधी तो आपली पेटी उघडून एकेक वस्तू बोटाने मोजायचा. त्यात जीवघेण्या अ‍ॅलर्जीवरच्या अ‍ॅड्रिनालिन इंजेक्शनचे दोन अ‍ॅम्प्यूल कापसात गुंडाळलेले असायचे. मी एकदा चेष्टा केली, अंडी उबवतोस काय? तो म्हणाला, हे कधी लागू नये म्हणून रोज बघतो.

त्याला माझा संशय आला तो माझ्याच हुशारीमुळे. पीटी ग्राउंडच्या कडेला झाडावर मोहोळ लागलं. मी कंपनीची पीटी दोनशे मीटर पलीकडे हलवली. कारण दिलं, ग्राउंडला उतार आहे. नवीन ग्राउंडला जुन्याच्या दुप्पट उतार होता. पुशअप करताना पोरं घसरत खाली येत होती. दत्ताने मोहोळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मे महिन्यात आम्हा दोघांना एकदमच रजा मिळाली. कल्याणला उतरल्यावर मी त्याला म्हटलं, दोन दिवस माझ्याकडे चल, मग जा साताऱ्याकडे. तो आला. दुसरा दिवस रविवार होता. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात आणि त्याला फांद्या लागतात. बांधावरच्या ऐनाच्या झाडावर चढायला चुलत्याने माणूस ठरवला होता. मी म्हटलं, माणूस कशाला, मी आहे ना. सुनंदा म्हणाली, आधी खालून नीट बघा तरी, घरटं असंल. बघायला हवं होतं ते एवढंच, आणि तेच मी बघितलं नाही. मी बनियन घालून, कोयता कमरेला खोचून, पाहुण्यासमोर कमांडोसारखा चढलो. तिसऱ्या फांदीवर कोयता मारला. घरटं त्याच फांदीच्या पोटाशी होतं.

वेळ नऊ दहा. मानेवर दोन, मनगटावर एक. मी उतरलो म्हणजे अर्धा उतरलो, अर्धा पडलो. दत्ताने मला दंडाला धरून आधी तीस-चाळीस पावलं लांब नेलं, कारण घरट्याजवळ उभं राहिलं की बाकीच्या येतात. तिथे आंब्याच्या सावलीत बसवलं.

नऊ चौदा. हाताचे तळवे आणि पायाचे तळवे खाजायला लागले. जिथे माशी चावलीच नव्हती तिथे. मग पोटात पीळ. मग जीभ जाड झाली आणि माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटायला लागला. एक चमत्कारिक भीती आली. गोळीबारात अशी आली नव्हती.

चुलता म्हणाला, "काय न्हाय होत. चुना लाव, उतरंल." कोणी कोयत्याचं पातं दंशावर घासायला आणलं. कोणी कांदा आणला. दत्ताने सगळ्यांना बाजूला केलं.

"उस्ताद, आधी कधी असं झालंय?"

मी मान हलवली. नाही. मरायला टेकलेला माणूससुद्धा शेप-वन सोडत नाही, त्याचा मी पुरावा.

सुनंदा म्हणाली, "खोटं बोलतात ते. गेल्या सालीबी असंच झालं व्हतं. मला गप ऱ्हायला सांगितलं."

दत्ताचा चेहरा बदलला नाही. एकदा असं झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा जास्त होऊ शकतं. अंगावर गांधी आणि शिवाय उलटी, जड जीभ, घरघर किंवा चक्कर यातलं काही आलं, की वाट बघायची नसते. हे त्याने नंतर मला शिकवलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "गाडी."

चुलतभावाचा टेम्पो होता. मी उठून चालायला लागलो. हवालदार स्वतःच्या पायाने टेम्पोत बसणार, गावाने बघायला नको का? दोन पावलांत डोळ्यांपुढे अंधार आला. दत्ताने मला तिथेच खाली घातलं, चौघांनी उचलून टेम्पोत नेलं. पाठ सपाट, पाय भाताच्या पोत्यावर वर.

मी म्हटलं, "मला बसव."

"न्हाई."

"मी सिनियर आहे. हुकूम आहे माझा."

"रजेवर हुकूम चालत न्हाई, उस्ताद. आडवं ऱ्हावा. दम लागला तर टेकवून बसवीन. उभं मात्र करणार न्हाई."

सतरा वर्षांच्या नोकरीत माझा हुकूम कोणी असा मोडला नव्हता. सुनंदा माझे पाय धरून बसली होती. मी उठायचा प्रयत्न केला तर तिने सरळ गुडघ्यांवर बूड टेकलं.

दत्ताकडे ना पेटी होती ना इंजेक्शन. रजेवर कोण नेतं? त्याने फोन लावले. वायरलेसवर बोलतात तसाच बोलत होता. "गांधीलमाशी, पेशंट पुरुष, चाळीस, नाडी बारीक. अ‍ॅड्रिनालिन आहे का? हो किंवा नाही." पहिले डॉक्टर बाहेरगावी होते. दुसऱ्या बाई होत्या, शेलार गावाजवळ दवाखाना. त्या म्हणाल्या, आहे, या. चुलतभाऊ म्हणाला, माझ्याकडे अ‍ॅलर्जीची गोळी आहे, ती देऊ? दत्ता म्हणाला, "गोळीनं खाज जाते. श्वास आणि प्रेशर गोळीच्या हातात न्हाई."

शेलारच्या अलीकडे कंटेनर अडकले होते. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, गोदामांकडे वळणारा एक रस्त्यात आडवा. ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होते. आमची वेळ नऊ सदतीस. माझ्या घशातून शिट्टी वाजत होती. दत्ताने सुनंदाला टेम्पोच्या मागे उभं केलं आणि पुन्हा फोन लावला.

"मॅडम, गाडी हलत न्हाई. तुम्ही या. एक किलोमीटर. निळा टेम्पो, मागं लाल पदर धरलेली बाई उभी हाय."

त्या आल्या. कंपाउंडरच्या मोटरसायकलवर मागे बसून, कंटेनरांच्या फटीतून. टेम्पोत चढल्या आणि पँट न काढता मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिलं. नऊ सेहेचाळीस. काळीज ढोल बडवल्यासारखं धडधडलं, हात थरथरले. पाच-सात मिनिटांनी प्रेशर अजून कमीच, म्हणून दुसरं दिलं. दहाच्या सुमाराला जीभ माझी मला परत मिळाली. तिचा पहिला उपयोग मी दत्ताला शिवी द्यायला केला. तो म्हणाला, "ठीक हाय. आता जगताय."

मॅडमनी तिथून घरी सोडलं नाही. उतरलेली रिअ‍ॅक्शन काही तासांनी परत उसळू शकते, म्हणून भिवंडीच्या हॉस्पिटलात चोवीस तास ठेवलं. दत्ताची दोन दिवसांची रजा माझ्या खाटेशेजारी स्टुलावर गेली.

निघताना तो म्हणाला, युनिटमध्ये पोचल्यावर मेडिकल ऑफिसरला तुम्ही सांगा. मी त्याचे हात धरले. प्रमोशन, घर, मुलीची बारावी, सगळं काढलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "पंधरा दिवस थांबतो. मग मी सांगणार."

सोळाव्या दिवशी त्याने सांगितलं. मला लो मेडिकल कॅटेगरी मिळाली. त्या वर्षीची प्रमोशनची यादी माझ्या नावाशिवाय लागली.

मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. सकाळी त्याचा "जय हिंद", माझा "जय हिंद", बस. त्याने कंपनीच्या रोलवर माझ्या नावापुढे लाल शाईने लिहिलं, कीटकदंश अ‍ॅलर्जी. मी फायरिंग रेंजवर गेलो की त्याची पेटी माझ्यापासून वीस पावलांच्या आत असायची. मी जागा बदलली की पेटीही जागा बदलायची. मला ते सगळं दिसत होतं. चार महिने मी न दिसल्यासारखं केलं. एवढा बेअक्कल हवालदार सरकारने पगार देऊन पोसला.

सप्टेंबरमध्ये पुढच्या पोस्टवर एक जवान कड्यावरून पडला. त्याला आणायला अ‍ॅम्ब्युलन्स निघाली, दत्ता तिच्यात होता. चौदा वीसला वायरलेसवर शेवटचं बोलणं झालं. "नाला पार केला. पुढे जातोय." चौदा पस्तीसला अ‍ॅम्ब्युलन्सवर दरड कोसळली. मी स्टोअरमध्ये ब्लँकेट मोजत होतो. सकाळी तो माझ्यासमोरून गेला होता, थांबला होता. मी यादीत मान घातली होती.

आता मी भिवंडीजवळ पूर्ण्याला एका गोदामात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. फर्स्ट एड रूममध्ये अ‍ॅड्रिनालिन ठेवायला लावलं आहे, आणि ते द्यायला शिकलेली नर्स शिफ्टला आहे. मॅनेजर म्हणाले, माश्या सिक्युरिटीच्या कामात येत नाहीत. मी म्हटलं, माझ्या गेटात जे घुसतं ते सगळं येतं. त्यांनी वर तक्रार केली, मी वर जाऊन तीच गोष्ट पुन्हा सांगितली. काढायचं असेल तर मला काढा, इंजेक्शन राहील. मी आणि इंजेक्शन, दोघंही अजून तिथेच आहोत. दर महिन्याला मी डॉकच्या पत्र्याखाली घरटी बघतो. दिसलं तर काठी नाही, पाण्याचा पाईप नाही. डॉक बंद, आणि काढणारा जाणकार माणूस बोलवायचा. कोल्ड्रिंकची उघडी बाटली डॉकवर ठेवली तर मी ओततो. लोडर वैतागतात. मग मी त्यांना जमिनीवर आडवं घालून ड्रिल करून घेतो. मधमाशी असेल तर काटा नखाने खरवडून लगेच काढा. पेशंटला चालवू नका. १०८ ला फोन करा. पहिल्या वेळी झालेलं लपवू नका. हे शेवटचं सांगताना मी स्वतःचं नाव घेतो आणि सगळे हसतात. हसू देत. मला लाज वाटायची तेव्हा एक माणूस माझ्यासाठी वाईट झाला. आता मी लाजणार नाही.

दत्ताच्या घरी जायला मात्र मला सहा वर्षं लागली. गेल्या दिवाळीनंतर गेलो. माण तालुक्यातलं दगडी जोत्याचं घर, भिंतीवर युनिफॉर्ममधला फोटो, त्यातही हसलेला नाही. वहिनींनी चहा दिला. मी टेम्पोपासून सगळं सांगितलं. शेवटचंही सांगितलं. वहिनी, त्याने माझा जीव वाचवला आणि मी चार महिने त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तुम्हाला हे माहीत नसेल.

त्यांनी कपबशी उचलली.

"फोनवर सांगायचे की. म्हणायचे, उस्ताद येडा हाय, बायकांवानी रुसून बसलाय. बसू दे. जिता हाय तर रुसलाय."