सावली बांधीतच राहिली

धानाच्या रोवण्यात, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, आमच्या शेताच्या कडेला धुऱ्यावर एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. मोबाईलच्या खेळासाठी तो पाणी भरलेल्या शेताचा तुकडा, धानाची बांधी, बनवत होता, पण त्यातला शेतकरी पाण्यावर तरंगल्यासारखा दिसायचा. म्हणून त्याने मला बांधीत उभं केलं आणि मान वाकडी करून माझी सावली न्याहाळत बसला. पाणी निवळलेलं, सावली तळाशी गेलेली.

“काका, पाय हालवा ना जरा.”

मी चिखल ढवळला, तशी सावली पाण्यावर आली.

“आता बसली! निवळ पाण्यात बुडून जाते ते.”

थोड्या वेळाने त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. शेतकरी चिखलात घट्ट उभा होता.

“हा मीच होय का बे?”

“नाही काका. सावली तेवढी तुमची हाये.”

आता कुठल्याशा खेळात माझी सावली बारा महिने रोवणा करते. मी धुऱ्यावर निवांत चहा पितो.