तांब्यावरची वाटी आणि इंग्रजी गाणं

आमच्या लातूरच्या मेसमध्ये नावानं कुणाला हाक नसायची, गावानं असायची. "चाकूर, भात घे." "उदगीर, ताट सरकव." मेस माझ्या मावशीची, आईच्या पाठच्या बहिणीची. मी भाकऱ्या थापायची आणि वाढायची. मला मात्र गावानं कुणी हाक मारत नव्हतं. माझं गाव भूकंपातलं. त्याचं नाव काढलं की समोरचा हातातला घास तसाच ठेवून विचारायचा, तुमच्या घरचे किती गेले? मग मावशीनंच पोरांना सांगून टाकलं, "हिला ताई म्हणायचं. बाकी काही इचारायचं न्हाई."

आमच्या घरचे आम्ही वाचलो होतो. आई, बाबा, मी. शेजारचे वाचले नव्हते. याहून जास्त मला कधीच लिहिता आलं नाही, बोलता तर नाहीच.

शाळा नववीत सुटली. लोकांना वाटतं शाळा पडली म्हणून सुटली. तसं नाही. पडल्यावर काही दिवस शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरली, तिथं मी रोज जायची. मग पक्की इमारत झाली, वर स्लॅब टाकला, सगळ्या गावानं नारळ फोडला. आणि मी काही त्या स्लॅबखाली बसेना. गुरुजींनी समजावलं, बाबांनी समजावलं. पहिली घंटा व्हायच्या आत माझी नजर वर जायची आणि पाय बाहेर. शेवटी नाव कमी केलं. आमच्या जुन्या घराला दगडमातीच्या रुंद भिंती होत्या आणि वर मातीचं जाड माळवद. पत्रा पडला तर खरचटतं, माळवद पडलं तर काय होतं ते मी पाहिलं होतं. स्लॅब म्हणजे माझ्या हिशेबानं सिमेंटचं माळवद.

मावशीची मेस अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती, म्हणून मी तिथं टिकले. तेव्हा लातूरला पोरांचा पूर आलेला. नांदेडकडून, परभणीकडून, कुठून कुठून बाप लोक पोरांना ट्रंकेसकट आणून सोडायचे. गल्लीत दर दोन घरांमागं एक क्लास. बारावीची पोरं सकाळी अंघोळीच्या रांगेतसुद्धा रसायनशास्त्राची सूत्रं म्हणायची. त्यांची भूकही परीक्षेसारखी, ठरल्या वेळेला आणि भयंकर. मला ती पोरं फार आवडायची. घर सोडून आलेली होती, आणि कुणी मुद्दाम रडत नव्हतं.

शेडच्या कोपऱ्यातल्या फळीवर मी एक तांब्या उपडा ठेवायची. त्यावर फुलपात्र, त्यावर वाटी. आमच्याकडं भूकंपानंतर घरोघर असंच होतं. जमीन जराशी हलली तरी वाटी किणकिणते, पडते, आणि माणसाला बाहेर पळायला वेळ मिळतो. पोरांना वाटायचं ही काहीतरी पूजा आहे. परीक्षेच्या दिवशी दोघं-तिघं येऊन तांब्याच्या पाया पडूनही जायचे. मीही काही बोलायची नाही. पडू देत बिचारे पाया.

एका रविवारी दुपारी हिमायतनगरनं टेपरेकॉर्डर आणला. हा पोरगा उंच, किडकिडीत, बोलण्यात सारखं 'करून राहिलो, जाऊन राहिलो', त्यावरून बाकीचे त्याला छळायचे. नांदेडच्या स्टेशनाजवळच्या दुकानातून त्यानं एक इंग्रजी कॅसेट आणली होती. "याला रॉक म्हणतात, मावशी." मावशी म्हणाली, "म्हण की. वरणात मीठ बरं हाय का सांग." त्यानं टेप नेमका कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला, तांब्याच्या शेजारी, आणि आवाज पूर्ण सोडला.

आधी ढोल का काय ते घुमलं. मग वाटी किणकिणली. मग पडली.

मी ओरडले, "बाहेर पळा!"

आणि सगळे पळाले. भाताच्या हातानं पळाले. मावशी पळी घेऊन पळाली. आमचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या क्लासमधली पोरं वह्या टाकून पळाली, त्यांचे सर खडू हातात घेऊन पळाले, समोरचा न्हावी पळाला आणि त्याच्यामागं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. लातूरमध्ये त्या वर्षांत 'पळा' म्हटल्यावर 'का' विचारायची पद्धत नव्हती. सगळी गल्ली रस्त्यावर उभी, जमीन थंड, आणि आत रिकाम्या शेडमध्ये तो इंग्रज एकटाच जीव तोडून गातोय.

उदगीरला आधी कळलं. गोलमटोल पोरगा, घरी धान्याची आडत. तो म्हणाला, "मावशी, भूकंप न्हाई. हिमायतनगर हाय."

मग जे हसू फुटलं! न्हावी हसला, सर हसले. मी हसले नाही. मी अजून पायानं जमीनच चाचपत होते, आणि वर लाज. हिमायतनगरही हसला नाही. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, ती वाटी त्यासाठी होती का?" मी मान हलवली. तो आत गेला, टेप बंद केला, वाटी उचलून पुन्हा फुलपात्रावर ठेवली. अगदी अलगद.

दुसऱ्या दिवशी वाढताना मीच विचारलं, "एवढं ओरडून काय म्हणत होता रे तो?"

"सांगतो ताई. डिक्शनरी बघून राहिलो."

एक ओळ त्यानं आणली. म्हणाला, तो गाणारा म्हणतोय की छप्पर मला विचारतं, तू अजून जागा का? मी म्हणतो, तू पडू नयेस म्हणून.

माझ्या हातातला वरणाचा चमचा तसाच राहिला. माझं नेमकं तेच होतं. सगळे झोपले तर छप्पर कोण धरणार, असं मला रोज रात्री वाटायचं, आणि ते मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. कॅसेटच्या खोक्यावरच्या त्या सातासमुद्रापलीकडच्या केसाळ बाप्याला कसं कळलं?

पण पोरं कुठं सरळ ऐकतात. त्यांना शाळेतली सवय, कविता आली की संदर्भासहित स्पष्टीकरण. उदगीर ताट बाजूला सारून उभा राहिला. "प्रस्तुत ओळी हिमायतनगरच्या टेपरेकॉर्डरमधून घेतल्या असून, यात छप्पर म्हणजे कवीचा बाप हाय. बाप इचारतो, अभ्यास झाला का? पोरगं म्हणतं, तुमची इज्जत पडू नये म्हणून जागाय."

"चूक," हिमायतनगर म्हणाला. "छप्पर म्हणजे त्याचं स्वतःचं डोकं. रॉकमध्ये सगळं आतलं असतं."

मावशी चुलीपाशून म्हणाली, "कशाचं डोकं! बायको माहेरी गेलीय त्याची. घर खायला उठलंय."

"ताई, तुम्ही सांगा," हिमायतनगर माझ्याकडं वळला.

"मला काय कळतंय," मी म्हणाले. पण भाकरी थापता थापता ती ओळ माझ्या हाताबरोबर चालायला लागली.

त्यानंतर जेवणाला एक ओळ असं सुरूच झालं. पोरं दिवसभर जीवशास्त्र पाठ करायची आणि जेवताना त्या इंग्रजाचा छुपा अर्थ काढायची. एका ओळीत तो म्हणायचा, मी अंथरूण बाहेर नेलं, तर आभाळही छपरासारखंच बघायला लागलं. तीन जेवणं ती ओळ पुरली.

आणि मग मावशीनं जागा घेतली. पोरं वाढली होती, शेडमध्ये पंगत मावेना. चौकापलीकडं तीन मजली नवी इमारत, तिचा खालचा हॉल. ओटा, नळ, पंखे. वर स्लॅब, आणि स्लॅबवर अजून दोन स्लॅब.

मी मावशीला म्हणाले, मी मागच्या बोळात चूल मांडते, भाकऱ्या खिडकीतून देते.

"खिडकीतून किती दिवस?" मावशी चिडली नव्हती, तेच मला जास्त लागलं. "पोरी, वाढायला माणूस लागतंय. पाडव्यापर्यंत बघू. न्हाईच जमलं तर दुसरी बाई बघावी लागंल, आन् तुला दाजी येऊन घेऊन जातील."

म्हणजे परत गावाकडची शेड. तिथं आईबाबा होते, पण तिथं कुणी हसत नव्हतं. स्लॅबपायी एकदा शाळा गेली होती, आता ही पोरंही जाणार. मी बोळात बसून भाकऱ्या थापायची, खिडकीतून सरकवायची, आणि आतल्या हॉलकडं बघायची.

हिमायतनगर नव्या हॉलमध्ये नेमका खिडकीपासून सगळ्यात लांबच्या टेबलावर बसायला लागला. तिथंच ओळ सांगायचा, तिथंच वाद व्हायचा, तिथंच हशा. मला नुसता हशा ऐकू यायचा.

"मोठ्यानं सांग की रे!" मी खिडकीतून ओरडायची.

"घसा बसलाय ताई. आत या."

"कालपण बसला होता."

उदगीर म्हणायचा, "ताई, आज लई भारी ओळ हाय. पण ती भिंतीला टेकल्याशिवाय कळत न्हाई."

एक दिवस मी दारात उभी राहिले. उंबऱ्यावर, एक पाय आत. वाढायला नाही, नुसती ऐकायला. मावशीनं बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी दाराजवळच्या टेबलापर्यंत गेले. माझी एकच अट होती, दार बंद व्हायचं नाही. वाऱ्यानं ते लोटलं की माझा जीव जायचा. मावशीनं ज्वारीचं अर्धं पोतं ओढत आणून दाराला लावलं. "घे. आता हत्ती आला तरी लागत न्हाई."

मी आत असताना पोरं एक करायची, वर बघायची नाहीत. ठरवून. मी वर बघितलं तरी ती आपली ताटात बघत इंग्रजाचा अर्थ काढत राहायची. टेप त्यांनी फळीवर ठेवला आणि माझा तांब्या त्याच्या शेजारी, मुद्दाम. गाणं लागलं की वाटी किणकिणायची. हिमायतनगर म्हणायचा, "बघा ताई, वाटी वाजून राहिली. पंखा बघा. पंखा हलतोय का?" पंखा सरळ. वाटी पडायची, तो उचलून परत ठेवायचा. असं करत करत माझ्या कानांना गाण्याचं किणकिणणं वेगळं कळायला लागलं. पाठीतून घाम जायचा, पण पाय जागेवर राहायचे.

शेवटची ओळ त्यानं पाडव्याच्या आदल्या दिवशी सांगितली. सगळ्यात आतल्या टेबलावर बसून. मी भाकऱ्यांची टोपली कमरेवर घेऊन गेले, पूर्ण हॉल ओलांडून, आणि त्याच्यासमोर उभी राहिले. "सांग."

"शेवटी तो म्हणतो, दार उघडं ठेव, मी आत आहे."

कुणी स्पष्टीकरण केलं नाही. उदगीरनंही नाही. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "ताई, टोपली घेऊन उभ्याच राहणार का? भाकरी वाढा." मी वाढली. मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. मावशी ओट्याशी पाठ करून उभी होती आणि उगीचच पदरानं नाक पुसत होती. पाडव्याला दुसरी बाई आली नाही.

पोरं निकालानंतर पांगली, नवी आली, मेस चालली. पुढं माझं लग्न झालं आणि ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी आम्ही बडोद्याला आलो. गुजराती मला अजून धड येत नाही. आठव्या मजल्यावर घर आहे. वर किती स्लॅब आहेत ते मी मोजलेलं नाही.

मागच्या वर्षी लेकीला म्हणाले, तुझ्या फोनवर एक जुनं गाणं सापडतं का बघ. चाल गुणगुणून दाखवली, ओळी सांगितल्या. तिनं कुठून तरी शोधलं आणि ऐकता ऐकता शब्द वाचले. छपराची ओळ होती. आभाळाची होती. मग ती थांबली. "आई, शेवटी असं नाहीये. शेवटी तो दार ओढून घेतो आणि निघून जातो."

"नीट बघ."

"बघितलं. दार उघडं ठेव वगैरे कुठंच नाही."

हिमायतनगर आता नांदेडला डोळ्यांचा डॉक्टर आहे. दिवाळीला फोन असतो, हा मी दिवाळीशिवायचा केला. म्हणाले, "शेवटची ओळ खोटी सांगितलीस का रे?"

तिकडं तेच जुनं हसू. "ताई, डिक्शनरी घेऊन बसलो आणि ती ओळ निघाली. आता ही तुम्हाला कशी सांगायची? उदगीर म्हणाला, निघून गेला म्हटलं तर ताईबी निघून जातील, बदल. मग आम्ही मावशीला विचारलं."

"मावशीला?"

"मग! ती ओळ मावशीची आहे. आम्ही नुसती इंग्रजाच्या तोंडात घातली."

मावशीनं ज्वारीचं पोतं ओढत आणलं होतं ते डोळ्यांपुढं आलं. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. जन्मात तिनं मला हे सांगितलं नाही.

"तांब्या ठेवता का ताई अजून?" त्यानं विचारलं.

"ठेवते."

"वाजतो?"

"खालच्या मजल्यावरचं पोरगं गाणी लावतं, तेव्हा वाजतो."

"मग काय करता?"

"पंखा बघते," मी म्हणाले. "आणि भाकरी करून राहते."

तो एवढ्या जोरात हसला की पलीकडं कुणीतरी पेशंट दचकला असावा. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात आले. आमचं बाहेरचं दार दिवसा उघडंच असतं, शेजारच्या बेनना त्याचं नवल वाटतं. दाराला दहा किलोची पिठाची पिशवी लावलेली असते. ती जराशी सरकली होती. पायानं परत लावली.