थरथरणारी बंडी

शिलाईच्या दुकानात चिंध्या आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. चिंध्यांचं काय, वर्षातून एकदा उशीत भरून टाकता येतात. किस्से मात्र कुणाला तरी सांगावेच लागतात, नाहीतर जिवाला चैन पडत नाही. माझ्या जिवाला तशीही ती कधी नसते. दूध उतू जाईल म्हणून गॅस बंद केल्यावरही मी दोनदा उठून बघते!

माझं दुकान वेल्ह्यात, एसटी स्टँडसमोरच्या बोळात. दुकान पुढे, घर मागे. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. नवरा टेम्पोवर असतो, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस घरात मी आणि माझे सासरे, आबा, असे दोघंच. आणि दर शनिवारी जोशी सर.

हे सर भोरचे. इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. बहीण वेल्ह्यात दिलेली, म्हणून शनिवारची फेरी. पहिल्यांदा आले ते हातात स्टीलच्या दोऱ्याचं रीळ घेऊनच.

"ताई, या दोऱ्यातून वीज जाते. कापडावर शिवून द्याल?"

मी दोन पावलं मागे सरकले. "शॉक बसेल की हो!"

"छोट्या सेलवर चालतं, काही होत नाही. भोरच्या तीन टेलरनी मला हाकलून दिलंय. तुम्ही चौथ्या."

पहिल्या दिवशी माझ्या तीन सुया मोडल्या. शेवटी मी स्टीलचा दोरा वर न लावता खाली बॉबिनमध्ये भरला आणि वर साधा लावला. मशीन सुरळीत चाललं! मग सर त्या दोऱ्याला आपला इलेक्ट्रॉनिक बोर्ड सोल्डर करायला बसले. सोल्डर काही चिकटेना, कापड मात्र जळायला लागलं.

"सर, टिचबटण लावा ना. अर्धं कापडावर, अर्धं तुमच्या बोर्डावर. धुवायच्या वेळी काढताही येईल."

सर त्या टिचबटणाकडे बघतच राहिले. "तीस वर्षं शिकवलं मी, पण वर्गात हे कुणी सुचवलं नाही!"

"वर्गात टेलर होता का कुणी?"

*

आता आबांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच घडलं.

आमची जमीन धरणात गेली तेव्हा आबा धडधाकट होते. एक शब्द बोलले नाहीत. आता गेल्या दोन वर्षांत विसरायला लागलेत, तर रोज बोलतात. जेवता जेवता उठतात, टोपी घालतात. "भाताला पानी लावून येतो." ज्या खाचराला पाणी लावायला निघतात, त्याच्यावर आता बारमाही पाणी आहे!

दोनदा हरवले. दुसऱ्या वेळी धरणाकडच्या गुंजवण्याहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने ओळखलं आणि आणून सोडलं. त्याच संध्याकाळी मोठ्या दिरांचा, भाऊजींचा, पुण्याहून फोन आला.

"वैशाली, आणखी एकदा हरवले तर मी त्यांना इकडं आणणार. फ्लॅटला कुलूप तरी लावता येतं."

भाऊजी वाईट नाहीत. नवराबायको दोघंही कामावर जातात, दुसरं काय करणार? पण चौथ्या मजल्यावर, कुलपाच्या आत आबा दिवसभर काय करतील, या विचाराने त्या आठवड्यात मी दोन ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लावल्या.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंडी शिवू."

बंडीच्या आतल्या खिशात एक छोटा बोर्ड. दुसऱ्या खिशात सेल. मध्ये माझी स्टीलची शिवण. बंडी आणि माझा मोबाईल जवळ आहेत तोवर सगळं शांत. बंडी अंगणापलीकडे गेली, की मोबाईल बोंब मारणार!

*

पहिली बंडी सुरूच झाली नाही. सरांनी सेल बदलला, बोर्ड बदलला, चष्मासुद्धा बदलला. काही नाही.

मग त्यांनी बंडीची कड उलटी केली. मी सवयीने कापड दोनदा दुमडून झकास पट्टी मारली होती. त्या दुमडीत सेलच्या अधिक टोकाची शिवण बरोबर उण्या टोकाच्या शिवणीवर बसली होती, म्हणजे शॉर्ट सर्किट!

"ताई, इतकं सुबक काम विजेला चालत नाही."

"मग काय, गबाळं शिवू?"

"हो!"

उभ्या आयुष्यात 'जरा खराब शिवा' म्हणणारं हे एकच गिऱ्हाईक मला भेटलं. दोन शिवणी चार बोटं लांब ठेवल्या, कड तशीच सोडली. बंडी सुरू झाली. सरांनी जाता जाता वरच्या खिशात एक लहानशी मोटरही टाकली, मोबाईल थरथरतो तशी थरथरणारी. म्हणाले, "लांब आलो हे आबांनाही कळायला हवं."

आबांनी बंडी अंगात घातली, खाली बघितलं, कड चाचपली.

"तूच शिवलीस व्हय ही? तुजा हात बिगाडला गं पोरी."

*

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले. वांगी घेतली, मिरच्या निवडत होते, तर पदरात मोबाईलने जो काय गळा काढला! आबा गेले! मी मिरच्या तिथेच टाकल्या आणि पळत सुटले. "काय झालं?" म्हणून मागे चार बाया पळायला लागल्या. एकीला तर कशासाठी पळतोय हेही माहीत नव्हतं.

दारात पोचले. आबा ओट्यावर बसलेले. छातीवर हात धरून, चेहरा काळजीने एवढासा झालेला.

"कुटं गेलतीस? कवाधरनं थरथरतंय हे. तू हरवलीस, आन वाजतंय माज्या बंडीत!"

शनिवारी सरांना सांगितलं, तर सर हसायच्या ऐवजी विचारात पडले. "आबांचं बरोबर आहे. यंत्राला एवढंच कळतं की तुम्ही दोघं लांब आहात. कोण कुणापासून लांब गेलं, ते त्याला कुठं कळतंय?"

तेव्हापासून दळण आणायला गेले तरी घरी आल्यावर आबांची बोलणी खाते. "सांगून जावं मान्सानं."

*

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. एकाने येऊन विचारलं, "म्हशीला शिवता का?" त्याला कसंबसं वाटेला लावलं. पण सारोळ्याच्या एका मुलीला लग्नात दिव्यांचा ब्लाऊज हवा होता, तिच्या हट्टापुढे सर विरघळले.

पाठीवर बारीक दिव्यांची वेलबुट्टी. बटण दिसू नये म्हणून मी ते पाठीच्या मधोमध अस्तरात लपवलं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. लग्नभर मी मांडवात जीव मुठीत धरून बसले. घाम आला तर? सेल तापला तर? अक्षता झाल्या, जेवणं झाली. काही झालं नाही! मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग पाठवणी सुरू झाली. मुलगी आईच्या गळ्यात पडली, आईने पाठीवरून हात फिरवला आणि लख्ख दिवे लागले. मग आत्या गळ्यात पडली, दिवे गेले. मावशीने पुन्हा लावले. रडणारी एक बाई दिवा लावतेय आणि पुढची विझवतेय, असं पाच मिनिटं चाललं! सगळे डोळे पुसत होते आणि मी दिवे मोजत होते.

नवऱ्या मुलाची आजी मोठ्याने म्हणाली, "पोरगी नांदायला चाललीया का जत्रंला?"

*

आता जरा अवघड किस्सा. ऐन पावसाळा. एक दुपार अगदी शांत गेली. मोबाईलने हूं की चूं केलं नाही. मी खुशीत गणवेशाचे सहा शर्ट उरकले आणि चहा द्यायला आत गेले, तर आबा नाहीत!

बंडीही नाही. मोबाईल बघितला, तो म्हणतो सगळं ठीक आहे. बंडी जवळच आहे!

मी मागचं परडं बघितलं, मोरी बघितली, खाटेखालीसुद्धा वाकून बघितलं. शेवटी शेजारच्या वहिनींनी हाक मारली, "आबा हितं च्या पितायत गं!" अंगात ओली बंडी. स्वतःच धुतली होती, पिळून तशीच घातली होती.

"आबा, आतलं यंत्र कुठंय?"

"भिजलं म्हनून तांदळात ठेवलंय. समदी मोबाईल भिजला की तांदळात ठिवत्यात."

डब्यात हात घातला. इंद्रायणी तांदळात खोल पुरलेलं, सेल बोर्डालाच जोडून ठेवलेला, जिवंत, व्यवस्थित, आणि मोबाईलला सांगतंय की मी घरीच आहे! त्या दिवसापासून मोबाईल वाजला की मी एकदा उठून बघते, आणि नाही वाजला तर दोनदा. ही गोष्ट मी भाऊजींना सांगितली नाही. शेजारच्या वहिनींनी सांगितली.

*

भाऊजी रविवारी सकाळीच गाडी घेऊन आले. आबांच्या कपड्यांची पिशवी त्यांनी स्वतः भरली. मग चहाच्या वेळी ते माझ्या नवऱ्याशी बोलत होते. "आता पुण्याला न्यायचंच. हितं राहून कधी काय होईल सांगता येत नाही."

आबांनी बशीतून मान वर केली. "कुनाला न्यायाचं?"

भाऊजींनी फोन कानाला लावला. मी उठून दुकानात गेले आणि काम नसताना मशीनला तेल घालत बसले. 

नवरा गाडीचं चाक बघत होता, भाऊजी फोनवर होते. आणि मोबाईल वाजला.

नवरा एसटी स्टँडकडे धावला, तर आबा धरणाकडच्या एसटीत बसून गेल्याचं कळलं. मी आणि भाऊजी गाडीत बसून धरणाच्या रस्त्याला लागलो. मोबाईल मांडीवर ओरडतोय. भाऊजी म्हणाले, "बंद कर ते." मी केलं नाही. भाऊजींनी गाडी आणखी जोरात हाणली.

पाण्याजवळ रस्ता संपतो तिथे उतरलो. हाका मारत उताराला लागलो. पावसाने सगळं निसरडं झालेलं. आणि अचानक मोबाईल गप्प झाला.

 म्हणजे बंडी जवळ होती. पण आबा तिच्या आत होते, की तांदळाच्या वेळेसारखे ते भलतीकडेच? भाऊजी माझ्याकडे बघत होते. मी पदर खोचला आणि पाण्याच्या दिशेने धावले.

"आबा!"

करंजाच्या झाडाखाली, पाण्यापासून दहा पावलांवर, आबा मांडी घालून बसले होते. टोपी गुडघ्यावर, एक हात छातीवरच्या खिशाला लावलेला. मला बघितलं आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

"आलीस? थांबलं बग थरथरायचं."

मी तिथेच चिखलात बसले आणि रडायलाच लागले.

"रडू नगं. भाताला पानी लावाया निगालो हुतो, येष्टी सुटली आन हे थरथराया लागलं. म्हनलं, गेली पुन्ना ही कुटंतरी. जत्रंत पोर हरवलं की आपुन हलायचं न्हाई, येका जागी बसायचं. ते हुडकत येतं. म्हनून येष्टीतनं उतरलो आन हितंच बसलो. तवाधरनं पान्याकडं बी गेलो न्हाई."

भाऊजी मागे उभे होते. आबांनी त्यांच्याकडे मान वळवली आणि चांगलेच रागावले.

"आन तू हिला पुन्याला न्यायाचं म्हनतुयास व्हय रं? हितं वेल्ह्यात हरवती ती. तितं काय करंल?"