तीन शब्दांचा प्रश्न

भिगवणच्या हॉटेलात चिलापी तळली जात होती. त्या वासाने मला थेट माझ्या पहिल्या स्वतंत्र बातमीपाशी नेलं.

पेपरची नोकरी सोडून मी नुकताच स्वतंत्र पत्रकार झालो होतो. म्हणजे संपादकही मीच आणि शिपाईही मीच. उजनीतली मासळी का घटली हे शोधायला एका सकाळी इथल्याच बाजारात आलो. मासे विकणाऱ्या पार्वतीमावशींसमोर मोबाइल धरून ‘जलाशयातील मत्स्यसंपदेच्या ऱ्हासाबाबत’ त्यांची भूमिका विचारली. मावशींनी पदर सावरला.

"समदं ब्येस हाय. सायबांचं आभार."

झालं, बातमी बुडाली. मी मोबाइल खिशात टाकला आणि टोपलीकडे बघत सहज म्हणालो, "मावशी, एवढीशीच चिलापी?"

"मग काय! बारीक जाळं टाकून पिल्लंबी उपसत्यात. मोठी व्हणार कवा?"

"अहो, मग मगाशी का नाही सांगितलंत?"

"मगाशी तू इचारलंस कुठं? भाषण करत हुतास की!"

शेजारच्या बायका खदखदून हसल्या. मला राग यायला हवा होता, पण मी आनंदाने वही उघडली.

"हे लिहू का?"

"लिही की. नावासकट लिही."

त्यानंतर बऱ्याच सायबांना प्रश्न विचारले. पण ‘मावशी, एवढीशीच चिलापी?’ या तीन शब्दांहून चांगला प्रश्न मला अजून सुचलेला नाही.