पांढऱ्या उजेडात पप्पा

विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या आमच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागायचा. मागची इमारत खिडकीच्या इतकी जवळ होती की ऊन आत यायचंच नाही. बाहेरच्या खोलीत एक पिवळा बल्ब, स्वयंपाकघरात एक. त्या उजेडात भातसुद्धा पिवळट दिसायचा. आम्हाला सवय होती.

पप्पा आनंदनगरला रंगाच्या कारखान्यात कंत्राटावर होते. उजाडायच्या आत निघायचे, दिवेलागण झाल्यावर परतायचे. रविवारीही ओव्हरटाइम. म्हणजे आम्ही त्यांना बघायचो ते त्या बल्बखालीच.

त्या हिवाळ्यात बाहेरचा बल्ब गेला. कॉलेजमधून येताना मी उल्हासनगरच्या एका दुकानात तसाच मागितला, तर दुकानदार हसले. "पीला बल्ब अभी कौन लेता है, बेटी? एलईडी ले जा, बिजली भी बचेगी." मी दोन्ही खोल्यांसाठी घेतले.

घरी येऊन स्टुलावर चढले आणि दोन्ही बसवले. बटण दाबलं, पांढरा लख्ख उजेड पडला तशी आई दचकलीच. "अगं बाई, भिंती किती कळकट झाल्यात!" ती लगेच केरसुणी घेऊन कोळिष्टकं काढायला लागली. मला हसू येत होतं.

तेवढ्यात पप्पा आले. दारात चपला काढता काढता त्यांनी डोळे बारीक करून वर बघितलं.

"काय गं हे? दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय."

मी वळून बघितलं. त्यांचा चेहरा पिवळा दिसत होता. आधी वाटलं, बल्बच तसला असेल. मी माझा हात उजेडात धरून बघितला, मग आईकडे बघितलं. आम्ही दोघी नेहमीसारख्याच होतो.

"पप्पा, इकडे या. डोळे बघू."

"रंग उडतो गं कंपनीत. आंघोळ केली की जाईल."

मी त्यांची खालची पापणी ओढली. डोळ्याचा पांढरा भाग हळद कालवल्यासारखा झाला होता. कंपनीतला रंग तिथे कसा जाईल? आई पुढे आली, तिनंही वाकून बघितलं.

"रोज समोर बसून जेवायला वाढते मी यांना," ती म्हणाली. "रोज."

शेजारच्या काकूंनी सांगितलं, बदलापूरच्या पुढे एका गावात काविळीची माळ घालतात, उतरते आठ दिवसांत. आईचं मन तिकडे ओढ घेत होतं. मी हट्टाला पेटले. रिक्षा बोलावली आणि तसंच त्यांना हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफी झाली. पित्ताचा खडा नळीत अडकला होता.

"अजून थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टर म्हणाले. "निदान दोन-तीन आठवडे तरी हे चाललंय. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

आईनं विचारलं, "खडा कधी काढणार?"

दुर्बिणीनं खडा काढला. तिसऱ्या दिवशी पप्पा उशीला टेकून बसले, तोंडावर जरा तरतरी आली होती. मी सहज विचारलं, "तुम्हाला आधी काहीच जाणवलं नव्हतं का?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "कंपनीच्या आरशात दिसलं होतं. लघवीपण लाल व्हायची."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मग बोलला का नाहीत?"

"आमच्यातला एक जण काविळीनं महिनाभर घरी बसला. त्याला परत घेतलंच नाही. तुझं शेवटचं वर्ष आहे. म्हटलं, तेवढं होऊ दे."

आई मोसंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही. सोललेल्या फोडी माझ्या हातात दिल्या आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. पुढचे दोन दिवस ती पप्पांशी एक शब्द बोलली नाही. डबा मात्र वेळेवर आणायची, आणि ते पूर्ण जेवेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची.