जोत्यावरची एक रात्र

बातमी आली तेव्हा मी तासगावात बेदाण्याच्या सौद्यात उभा होतो. ओंजळीत माल, चवीला एक दाणा तोंडात टाकलेला, आणि खिशात फोन वाजला. संपतचा, म्हणजे ज्ञानू हवालदाराच्या मुलाचा. "चाचा, आण्णा गेलं," एवढंच बोलला. तोंडातला दाणा गिळवेना की थुंकवेना... सकाळी शेळीला पाला टाकता टाकता ज्ञानू खाली बसला, तो बसलाच. महिना होत आला, पण मला अजून त्याचा रागच येतो. बॅटरी पिशवीच्या कुठल्या कप्प्यात ठेवायची हे मला पन्नासदा बजावणारा माणूस, आणि जाताना एका शब्दानं सांगितलं नाही!

ज्ञानू मूळचा चांदोलीच्या जंगलातल्या एका वाडीचा. तो पलटणीत असताना तिकडं राष्ट्रीय उद्यान झालं आणि वाडी उठली. सुट्टीवर आला तो थेट आमच्या माळावरच्या वसाहतीत, पत्ता विचारत विचारत. सरकारनं दिलेलं त्याचं शेत माझ्या बेदाण्याच्या शेडला लागून, त्यामुळं दोस्ती झाली. पण या वसाहतीला तो कधी गाव म्हणाला नाही. त्याचा एकच धोशा, "शौकत, एक रात गड्या वाडीतल्या माज्या घराच्या जोत्यावर झोपायचं. मग मराय मोकळा." वाडीतल्या देवीच्या जत्रेला दिवसा जाऊ द्यायचे, अंधार पडायच्या आत मात्र बाहेर. रात्रीची परवानगी काही मिळेना. हा वनखात्याच्या दारात हेलपाटे घालत राहिला, आणि शेवटी एका साहेबाचं मन वळलं. सोबत गार्ड राहील, जाळ करायचा नाही, कचरा परत आणायचा, आणि एकच रात्र.

मग सुरू झाली तयारी. तोबा तोबा! जाळ नाही म्हणून भाकरी, शेंगाची चटणी आणि माझा बेदाणा. मी सांगलीहून हलका तंबू आणला, तर हा म्हणतो, "ह्यो तंबू हाय का मच्छरदाणी?" मला ओझ्याची सवय व्हावी म्हणून त्यानं पाठीवरच्या पिशवीत बेदाण्याचे बॉक्स भरले आणि मला कुंडलच्या डोंगरावर चढवलं. मी धापा टाकत शिव्या घालतोय, आणि हा पुढं लेफ्ट-राईट करत चाललाय. वर पोचल्यावर बॉक्स फोडून मूठभर बेदाणा तोंडात टाकला, म्हणाला, "आता कसं, वज्जं कमी झालं." तंबू कसा लावायचा ते त्यानं शेडच्या फरशीवर खडूनं काढून दाखवलं. मी बघतो तर त्यानं तंबू नव्हे, घरच काढलेलं. हितं चूल, हितं जातं, हितं आईची झोपायची जागा. तंबूचं तोंड उगवतीला, कारण घराचं दार उगवतीला होतं. मी म्हटलं, "आरं येड्या, वारा तिकडनंच येतोय, गारठून मरशील." तर म्हणतो, "दार काय वाऱ्याला इचारून बदलत्यात व्हय? आन् तू भाईरच्या सोप्यात झोपायचं. पावना हाईस." घर पडून जमाना लोटला, आणि याची आखणी अशी, जणू आई आत भाकरी थापतेय. मला हसू आलं. मग नाही आलं.

थंडीत आम्ही गेलो. गार्ड पुढं, मधे हवालदार, मागं मी. करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढत ऊन कलायच्या आत वाडीवर पोचलो. वाडी कसली, नुसती जोती आणि त्यावर कमरेइतकं गवत. ज्ञानूनं मात्र आपलं जोतं लांबूनच ओळखलं आणि पोरासारखा धावला. पायरीशी चपला काढल्या आणि वर चढला. आणि थांबला... मी जवळ जाऊन बघितलं. आईची जागा म्हणून त्यानं खडूनं दाखवली होती तिथलं गवत दाबून चपटं झालेलं, मोठी गोल खोलगट जागा, आणि शेजारी ताजं शेण. गार्ड म्हणाला, "गव्याची माय हाय, पिलू हाय बरूबर. रोज हितंच बसत्यात. आज आपला वास आला म्हणून आत सरकली असंल." ज्ञानूनं वाकून त्या गवतावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग चपला घातल्या. "चल शौकत. गार्डाच्या खोलीत झोपू."

मी भडकलो. इतकी वर्षं जीव टाकलास, माझे गुडघे मोडलेस, आणि आता पाठ फिरवतोस? तो शांतपणे म्हणाला, "लेकराला घिऊन झोपती रं ती हितं. आमाला एकदा उठिवलं तेवढं बास झालं. आता मी तिला उठवू व्हय?" रडू आलं मला, स्पष्ट सांगतो. त्याला नाही आलं. गार्डाच्या खोलीत तो असा घोरला, की मला डोळा लागला नाही.

परत आलो आणि द्राक्षांचा हंगाम सुरू झाला. मी शेडमधून हलेना, बोलणं व्हायचं ते फोनवर. त्यामुळं त्याच्या घरी मी गेलो तो थेट बातमी आली त्या दिवशी. अंगणात माणसं जमलेली, ज्ञानूला बाहेर ठेवलेलं. वहिनींना भेटायला घाईनं आत शिरलो आणि दारातच जोराची ठेच लागली, पडता पडता वाचलो. खाली बघितलं तर कोरा सागवानी उंबरा, रंधा मारल्याचा वास अजून येणारा. त्यावर हळदीकुंकवाची बोटं. या दारातून मी अर्धं आयुष्य आत-बाहेर केलंय, तिथं कधी उंबरा नव्हता. वसाहत झाली तेव्हा सगळ्यांनी बसवून घेतला, यानंच बसवू दिला नव्हता.

वहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या, "जपून भावजी... जंगलातनं आल्यावर सुताराला बलावलं त्यांनी. म्हणलं, आपल्या घराला उंबरा नको व्हय?"